शेजारी चालू तार लागते

काय म्हणालात — इंडक्शन लिहू? पुन्हा म्हणा बघू. ‘काहीतरी लिहा बाई, इंडक्शन लिहा, कोण वाचतंय’ — असंच ना? नाही नाही, बसा साहेब, मोटर भरून झालीय, वार्निशही वाळलंय. ठाऊक आहे, तुमच्या मेहुण्याचं कोल्ड स्टोरेज बंद पडलंय, मोटर पेटली म्हणून विजेच्या इन्स्पेक्टरनं सील ठोकलंय, आणि ती का जळली हे वाइंडिंगवालीनं, म्हणजे मी, लिहून दिल्याशिवाय तो सील काढत नाही. वीज बोर्डातून रिटायर झाल्यापासून तुम्हीच बघता म्हणे तिथलं. बघा की. पण त्या स्टुलावर बसा, तिकडे वार्निश सांडलंय, पँट जाईल.

हा शब्द मी अकरा वर्षांपूर्वी ऐकला, नवरा खांबावर गेला त्या दिवशी, ह्याच तोंडून. ओळखलं नाहीत मला? कशाला ओळखाल — तुम्ही दारातूनच बोललात, आत पाऊल टाकलं नाहीत. लाइनमन इंडक्शननं गेला बाई, निसर्गाचा नियम आहे, कुणाचा दोष नाही, थोडी घाई त्याचीच झाली. चौथी शिकलेली मी, शब्द केवढा मोठा, मान हलवली. सासूला ऐकू कमी यायचं, ती वर्षभर विचारायची — कोण गं हा इंडक्शन, राहतो कुठं, धरून का नाही आणत त्याला? हसू नका. मी हसायची, माझी सासू होती ती. पोरानं घाई केली, पोरानं घाई केली, म्हणत म्हणतच गेली म्हातारी. आणि मी तरी काय — मीही रोज त्यालाच शिव्या घातल्या, कसली मेली घाई होती तुला म्हणून, मेलेल्या माणसाला — जाऊ द्या, हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

पोटासाठी ह्या दुकानात आले, जळक्या मोटरी घासायला. इथला म्हातारा मिस्त्री एकदा मोटरीच्या प्लेटवरचं वाचत होता — इंडक्शन मोटर. हातातला ब्रशच गळला माझ्या. म्हटलं, नवऱ्याला खाल्लं त्याचं नाव ह्या सगळ्यांवर कसं? मिस्त्रीनं मोटर उघडली. मधला रोटर दाखवला — बघ, ह्याला बाहेरून एक तरी तार जोडलीय? नाही जोडलेली. तरी गरगर फिरतो, का? तर भोवतीच्या कॉइलमध्ये करंट खेळतो, तो ह्याला न शिवता ह्याच्यात करंट उठवतो. मग रोटर उचलून टेबलावर ठेवला नि म्हणाला, आता फिरव. फिरतोय कुठला, जन्मभर बसा समोर. शेजारी चालू काहीतरी लागतं, साहेब. सगळा अर्थ एवढाच, चौथीवालीला कळला.

दुसऱ्या दिवशी गेले त्या खांबापाशी. सात खांब, लाइन एकच. एका हाताला नाला, दुसऱ्या हाताला ओसाड माळ — शेजारी दुसरी तार औषधालासुद्धा नाही. कुठून आलं तुमचं इंडक्शन, नाल्यातून? लाइन शेवटी जाते कुठं — मेहुण्याकडे. सप्लाय बंद करून माझा नवरा वर चढला, खाली कोल्ड स्टोरेजवाल्यांनी जनरेटर लावला, आणि आधी लाइन तोडून मग जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच तिथं नव्हताच. आतला करंट उलटा बाहेर, थेट ह्याच्या हातात. त्याला बॅक-फीड म्हणतात. हा शब्द तुम्हाला येत नव्हता? इंजिनियर ना तुम्ही — येत होता, म्हणूनच मेहुण्यासाठी दुसरा शोधलात. काय — करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी तारांना का नाही टाकली त्यानं? साखळी तुमच्या जीपमध्ये होती, त्याला दिलीच नाहीत. आता खाली बघू नका, फरशीवर काही लिहिलेलं नाही.

पुरावा नव्हता माझ्याकडे. तुमच्या फाटकातून आत कोण घेणार मला? दात-ओठ खात दहा वर्षं कॉइल गुंडाळल्या. आणि सोमवारी तुमचाच ऑपरेटर मोटर घेऊन दारात. कशी जळली रे बाबा? तर म्हणे, मावशी, जनरेटर चालू असतानाच लाइन आली, दोन्ही भिडले. आणि चेंजओव्हर? तो कधी बघितलाच नाही, पंधरा वर्षं हातानंच तारा बदलतोय. पंधरा वर्षं, साहेब — अकरा त्यात आरामात बसतात. त्याच्यावर डाफरू नका, त्यानं खरं सांगितलं आणि त्याखाली सहीही केली. आता त्याला कामावरून काढलंत तर तेही माझ्या कागदात जाईल.

कागद? लिहिला की. आज सकाळी इन्स्पेक्टरचं ऑफिस उघडायच्या आधी मी पायरीवर बसले होते. मोटर का जळली ते वर, आणि त्याच कारणानं माणूस कसा जळला ते खाली, तारखेसकट. इन्स्पेक्टरनं दोनदा वाचला, मग शिपायाला जुनी फाइल काढायला पाठवलं. घाई त्याची नव्हती, एवढी एक ओळ सरकारी शिक्क्यासकट हवीय मला, बाकी तुमचं काय व्हायचं ते होवो — नाही, खोटं कशाला बोलू, तुम्हालाही शिक्षा व्हावी असंच वाटतं.

हात कशाला जोडता? माझ्या दारात तेव्हा नव्हते जोडले. मोटर बाहेर ओट्यावर ठेवलीय, माझ्या कामात खोट नसते. उचलायला माणूस आणला नाहीत? मग ओढत न्या. उठा, मला दुसरा जॉब लावायचाय.