स्वयंपाकघराची भिंत

हसू नका, पण मले अजूनही लाज वाटते. अकोल्यात माझं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस. कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं महागडं कॅड सॉफ्टवेअर घेतलं अन् वर्षभर नुसतं मिरवलं. एक दिवस तेल्हाऱ्याच्या एक शिक्षिका बाई आपल्या घराचा नकाशा पाहायले आल्या.

"स्वयंपाकघर फूटभर वाढवा," त्या म्हणाल्या.

मी सगळ्या रेषा पुसून नव्यानं काढायले बसलो. अर्धा तास बाई पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, कावून पुसून राहिले तुमी? भिंत ओढा ना, दारं-खिडक्या आपोआप सरकतात. मी तं फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकली."

त्यांनीच माउस घेतला अन् मिनिटभरात काम केलं.

बाई गेल्याबरोबर मी बाहेर जाऊन दारावरची पाटी उतरवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'येथे कॅड शिकवले जाईल.'