खांबामागची जागा

कीव्हच्या ऑपेरात खेळ सुटला आणि कोट परत घेणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली. रांगेत तरुण ओरेस्याच्या पुढे दोन म्हाताऱ्या होत्या. एकीच्या हातात पांढरी काठी, दुसरीच्या हातात भाड्याची दुर्बीण.

“मेलानिया, चल पुढे. दुर्बीण भाड्यानं घेणाऱ्यांना कोटासाठी रांग नसते म्हणे. म्हणून तर घेतली.”

“थांब गं स्तेफा, घाई काय आहे? आज कितीतरी वर्षांनी मला ऑपेरा दिसला. दिवे, झगे, सगळं कानात सांगत होतीस. तुझे उपकार आहेत बाई.”

“उपकार कसले? आपल्यासमोर खांब होता. मला खांबच दिसला.”

“मग एवढं सांगितलंस ते?”

“गाणं ऐकून मनानंच रचलं. ऑपेराला मी आज पहिल्यांदाच आले, मला काय ठाऊक?”

“मला होतं ठाऊक.”

“खांबाचं?”

“गोष्टीचं. ती पोरगी शेवटी विष पिऊन मरते. तू तिचं लग्न लावून दिलंस.”

“अगं बाई. मरताना कोणी एवढ्या जोरात गातं का?”

“इथं गातात.”

“मग मला गप्प का नाही केलंस?”

“डोळे होते तेव्हा दर वेळी तिला मरतानाच पाहिलं गं. आज पहिल्यांदा ती नांदायला गेली.”

स्तेफा दुर्बीण पुसू लागली.

“आजी, दुर्बीण आहे तर तुम्ही पुढे जा ना,” ओरेस्या म्हणाली.

“नको बाळ, आम्ही रांगेतच बऱ्या,” मेलानिया म्हणाली. “हं, स्तेफा, सांग. सासर कसं मिळालं तिला?”