साहेबाची आई

अरे, फ्रेंचमधला एक शब्द मला न शिकताच येतो, खोटं नाही सांगत!

आमची सुमन दिंडोरीहून एसटीने नाशिकला जायची, कॉलेज रोडच्या बाईंकडे फ्रेंच शिकायला. तेव्हा आमच्याकडे नुकत्याच वायनरी निघत होत्या. एकीत फ्रान्सचे साहेब आले. त्यांना आमची द्राक्षबाग दाखवताना सुमनला दुभाषीपण जमलं, तर तिची नोकरी पक्की होती.

साहेब बोलू लागले आणि पोरीची वाचाच बसली. "आप्पा, बाई सावकाश बोलतात हो, हे तर पळतायत!" अगदी रडवेली झाली.

तेवढ्यात साहेबांचं डोकं मांडवाच्या लोखंडी अँगलला थाडकन आपटलं. ते ओरडले, "आई!"

मी धावलो. "लय लागलं का रे बाबा? सुमे, याला मराठी येतंय की!"

सुमन खुदकन हसली. "आप्पा, त्यांच्यातही लागलं की 'आई'च म्हणतात!"

मग आपण लागल्यावर आईला कशी हाक मारतो, ते तिने साहेबांना फ्रेंचमध्ये सांगितलं. तिथून जी बोलत सुटली, ती थांबेचना!

नोकरी लागली. निघताना साहेब पुन्हा त्याच अँगलला धडकले. या वेळी म्हणाले, "आई गं!"