आडवं करून मिळणार नाही

नाही म्हणजे नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता काय पाटी लिहून दारावर लावू? — तुमच्या वाद्याच्या, या दांडीच्या, तारा बदलून देईन, पट्ट्या घासून देईन, आतली वायर तुटली असेल तर जोडून देईन, पण आकडा काढायचा, खाली पाय बसवायचे, दांडी आडवी करायची इस्त्रीच्या टेबलासारखी आणि तिच्यावर वाकून दोन्ही हातांनी टकटक करत बसायचं — ते माझ्या दुकानात होत नाही. दुसरीकडे जा. — हो, माहितीय, दुसरीकडे कुणी नाही. दांडी उघडून बघणारी अख्ख्या शहरात मी एकटी, म्हणून तर तीन जिने चढून आलात. तेही अशा अवस्थेत. कितवा? — सातवा. दिसतंच आहे. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, पडलात तर नाव माझं व्हायचं. खुर्चीवर बसा. तिच्यावरची खोकी मी उचलते — अहो वाकताय कुठे! बसा म्हटलं ना.

आता ऐका. तुम्ही वाजवता म्हणजे तुम्हाला हे माहीत असायला हवं, पण हल्ली कुणाला काय माहीत असतं! दांडीला दहा तारा. छेडायच्या नाहीत, बोटांची टोकं नुसती आपटायची, दोन्ही हातांनी, डावा हात एकीकडून, उजवा दुसरीकडून. खालचा आकडा कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा आणि वरचं टोक डाव्या खांद्यावरून कानाशी जाऊ द्यायचं. उभी. तुम्ही उभ्या, ती उभी. छातीला टेकलेली, म्हणजे सूर आधी हाडात वाजतो आणि मग कानात. हे माझं नाही, मास्तरांचं. मास्तरांनीच मला वाजवायला शिकवलं आणि दुरुस्तीही शिकवली, याच टेबलावर. आमच्यात एखाद्याने कंटाळून दांडी मांडीवर घेतली ना, की मास्तर नुसतं एवढंच म्हणायचे — "आडवी केलीस? मग पांढरी चादरही घाल तिच्यावर." संपलं. तो पोरगा परत कधी बसून वाजवायचा नाही. आणि मला काय म्हणायचे माहितीय? खांब. "आमचा खांब बघा." दोन-दोन तास उभी राहायचे मी, पाय बदलायचे नाही.

आणि कारणं सगळ्यांकडे असतात हो. मागच्या वर्षी एक बँकवाले आले होते, पाठ दुखते म्हणाले — मग बासरी वाजवा. एक बाई आल्या, त्यांना स्टेजवर आडवी छान दिसते म्हणे, पियानोसारखी — मग पियानो घ्या. त्यांना बाहेर काढलं तसं तुम्हालाही काढीन, पोट आहे म्हणून सवलत नाही. आणि तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते. आडव्यावर दोन्ही हात एकाच काठावरून येतात. डावा हात उलटा पडतो, जिथे जाड तार असायची तिथे बारीक लागते, अंगठ्याला धरायला काही उरत नाही, तो बिचारा हवेत लोंबकळतो. पहिले तीन दिवस तर रडू येतं. मग चौथ्या दिवशी डोळे मिटून वाजवायचं, बघायचंच नाही, म्हणजे आठ दिवसांत हात बसतो आणि — काय?

मला कसं माहीत म्हणजे? लोक सांगतात. इतकी वर्षं दुकान आहे, कानावर पडतं. — असं बघू नका माझ्याकडे.

द्या इकडे ती दांडी. काम करणार आहे असं नाही, नुसती बघते. कोणी बनवली? बरी आहे. तारा कधीपासून बदलल्या नाहीत? गंज चढलाय. आणि हा आकडा — हा असा वाकडा कशाने झाला? — पट्टा शेवटच्या भोकावर नेला तरी पुरत नाही म्हणून तुम्हीच वाकवलात? पकडीने? शाबास! म्हणजे टोक आत आलं की. कुठे लागतं ते? दाखवा. हात बाजूला करा. — अगं, हे काय! वळ उठलाय. आणि हे घेऊन तू रोज उभी राहतेस? किती वेळ? डोकंबिकं आहे का तुला? नवऱ्याला दिसत नाही का? आईला?

स्क्रू ड्रायव्हर कुठे गेला माझा. — नाही, तुझं काम नाही करत आहे. वाकडा आकडा माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही, एवढंच. बोलता बोलता हात चालतात माझे, त्याचा उगाच अर्थ काढत बसू नकोस. हा आकड्याचा खालचा स्क्रू निघाला. वरचा गंजलाय. धर इथे, घट्ट.

मलाही आकडा तिथेच लागायचा. हो, मला. सातवाच होता. सासूबाई म्हणायच्या, आता पुरे कर ते कमरेला लटकवणं, आणि मी त्यांना फाडकन उत्तर द्यायचे, तेव्हा तोंड फार चालायचं माझं — आताही चालतं म्हण. दवाखान्यात तपासायला गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल आडवं आहे. घाबरू नका, वेळ आहे, फिरेल. मी तशीच दुकानात आले आणि मास्तरांना सांगितलं. आणि मास्तर काय म्हणाले? "आडवं? आमच्या खांबाच्या पोटी आडवं? त्याला सांग, इथे चालत नाही." सगळे हसले. सहा-सात जण होतो आम्ही इथे, सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अजून ऐकू येतं मला ते माझं हसणं. कुणी असं हसतं का गं आपल्या मुलावर?

मग आमचा स्टेजवरचा कार्यक्रम. दोन तासांचा, उभ्याने. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी पोटातलं हलणं थांबलं. — नको, काही म्हणू नकोस. डॉक्टरीणबाईंना मी तीनदा विचारलं, आकड्यामुळे का? उभं राहिल्यामुळे का? नाही म्हणाल्या. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. काही संबंध नाही, होतं असं कधीकधी. लिहूनही दिलं त्यांनी कागदावर, मी मागितलं म्हणून. सव्वीस वर्षं झाली त्याला. तेव्हा घाबरून जाऊ नकोस, तुला घाबरवायला सांगत नाहीये. मी उभी राहिले कारण दांडी उभीच वाजते. आडवीचा आवाजच येत नाही, सपाट येतो, जीव नसतो त्यात. मग मी काय करणार होते? दुसरा मार्ग होता का? नव्हता. म्हणून तुम्ही सगळ्या आडवी करा, आडवी करा म्हणत आलात ना की माझं डोकं फिरतं. उद्या तुम्ही आडवी वाजवून दाखवाल, लोक टाळ्या वाजवतील — मग मी उभी कशाला राहिले होते?

हा निघाला वरचा. दे तो तू आणलेला पाय. ही चकती आधी. उलटी नको, खोलगट बाजू वर.

काय? — हो, मघाशी म्हणाले मी. आठ दिवस. बरं मग? वाजवली मी घरी आठ दिवस, आडवी, पलंगावर ठेवून, दार लावून. आकडा टोचत होता म्हणून. सासूबाईंनी उशा रचून दिल्या दोन्ही बाजूंनी, कुणाला सांगितलं नाही त्यांनी, मरेपर्यंत नाही. आणि नवव्या दिवशी टेप करून मास्तरांकडे पाठवली, कार्यक्रमाआधी ते टेप मागवायचे सगळ्यांकडून. त्यांनी इथे, सगळ्यांसमोर लावली. डोळे मिटून ऐकली पूर्ण. आणि म्हणाले, "याला म्हणतात उभं वाजवणं. ऐका, नीट ऐका, हाडातून आलंय ते." — हसू नकोस. हसण्यासारखं काही नाही त्यात. फरक नव्हता गं. काडीचा फरक नव्हता. मास्तरांना कळला नाही, मला कळला नाही, कुणालाच कळला नसता. मास्तर गेले, त्यांनाही सांगितलं नाही कधी. हे आज तोंडातून कसं निघालं कोण जाणे, तू ते तसलं पोट घेऊन समोर बसलीस म्हणून. झाले दोन्ही पाय. हलवून बघ. डुगडुगत नाही ना? उंची खिट्टीने कमी-जास्त होते, पोट वाढेल तशी वर घे. आणि अंगठा हवेत सोडू नकोस, तर्जनीला चिकटवून ठेव, म्हणजे मनगट भरून येत नाही.

घे. निघ आता. जिना सावकाश उतर. — उभी का राहिलीस? बोल ना, काय ते.

"मग कार्यक्रमात उभं का वाजवलंत?"

पहिल्या रांगेत मास्तर बसले होते म्हणून. मास्तर दिसत होते मला. मूल कुठे दिसत होतं! — झालं समाधान? मिळालं उत्तर? आता जा. हात लावू नकोस मला, कीव करायला बोलावलं नव्हतं तुला. जा म्हणते ना. आणि दार ओढून घे, बाहेर कुणी भेटलं तर सांग दुकान बंद आहे. — तीनच वाजलेत ते मलाही दिसतंय. बंद आहे.