नोरीनबाई शाळा बघायला येतात

...आणि वर परत विचारतात, "तुमची पद्धत कोणती?" आता काय सांगू मी? आमच्याकडे भात लावायची एक पद्धत आहे, कपडे वाळत घालायची पद्धत आहे, म्हणजे इथे आयर्लंडात, ल्यूकनमध्ये ऊन पडलं की हातातलं टाकून मागच्या दाराकडे पळायचं, पण पोरीला घरी शिकवायची पद्धत? तुम्हाला सांगतो, परवा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला रांगेत उभा होतो, हातात रिकामी प्लेट, पुढचा वळून तेच विचारतो, मागचा खांद्यावर हात ठेवून तेच विचारतो, आणि दोघांचं शेवटचं वाक्यही एकच... "घरच्या घरी, म्हणजे सोपंच असेल नाही?"

घरच्या घरी. सोपं असतं म्हणे!

मी मुळात बोलणारा माणूस नाही हो. चार माणसं दिसली की माझी जीभ आत जाते. शाळाही माझी नववीतच सुटली, वडील आजारी पडले आणि नागपुरातलं आमचं झेरॉक्सचं दुकान माझ्याकडे आलं. अख्ख्या कॉलेजच्या नोट्स माझ्या हाताखालून गेल्या, डोक्यात एक शिरली नाही. त्या नोट्सबरोबर यामिनी यायची. मी तिची पानं नीट सरळ लावून द्यायचो, एवढंच माझं प्रेमपत्र. ती शिकत गेली, मेनूथच्या युनिव्हर्सिटीत आली, मग नोकरी लागली, आणि मी तिच्यामागून इथे आलो. तर आमच्या घरात एक एम.एस. झालेली बाई आणि एक नववीवाला. आणि दोघांनी मिळून ठरवलं की शिकवायचं नववीवाल्यानं. कारण एम.एस.ला ऑफिस असतं.

पण ठरवलं का, तेही ऐका. आमची श्रावणी शाळेत बोलायचीच नाही. शाळा चांगली, टीचर तर इतक्या मायाळू की काय सांगू, त्या म्हणायच्या, "शी इज ग्रँड, जस्ट क्वायट." आणि ही क्वायट पोरगी घराचा उंबरा ओलांडला की जी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. पुढे पुढे सकाळी पोट दुखायला लागलं. एक दिवस शाळेच्या फाटकाशी तिनं माझ्या जॅकेटची बाही जी धरली ना... ती पकड मला ओळखीची वाटली. लहानपणी मीसुद्धा अशीच धरायचो. मग काय, दोघं तसेच चालत घरी आलो. संध्याकाळी यामिनीला सांगितलं. ती म्हणाली, बरं, घरी शिकवून बघू.

आता करायचं कसं? तर शेजारी अभिजित. पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्याचा स्वतःचा मुलगा शाळेत जातो, पण घरी कसं शिकवायचं ह्याचा अभ्यास त्याचा दांडगा. त्यानं वेळापत्रक करून दिलं, रंगीत, तासांना घंटासुद्धा फोनमध्ये लावून दिली. पहिली घंटा वाजली. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग," आणि श्रावणी म्हणाली, पोट दुखतंय.

मग गॉलवेच्या चित्राताईंना फोन केला, त्याही मुलांना घरीच शिकवतात. त्या म्हणाल्या, अरे, वेळापत्रक कसलं, मूल म्हणेल तसं करायचं, त्याच्या मनात येईल ते शिकू द्यायचं. श्रावणीच्या मनात आलं, कोरड्या टबात बसून बिस्किटं खावीत. दुसऱ्या दिवशीही तेच आलं. तिसऱ्या दिवशी मीही टबाला टेकून बसलो, कारण बिस्किटं चांगली होती. मग कुणी म्हणालं, निसर्गात न्या, निसर्गच शिक्षक. नेलं. इथला पाऊस वरून नाही, आडवा येतो, एवढा एक धडा झाला, आणि सर्दी झाली ती शिक्षकाला नाही, मला.

घरच्या घरी. सोपं असतं म्हणे!

शेवटी काय उरलं? काही नाही. लायब्ररीतून ती पुस्तकं आणायची, मी कणीक मळायचो, ती ओट्याशी स्टूलवर बसून मोठ्यानं वाचायची. आता माझं इंग्लिश... अर्धं डोक्यावरून जायचं. मी विचारायचो, "म्हणजे काय?" ती इंग्लिशमध्ये समजावायची. मी परत मराठीत, "म्हणजे काय?" मग चित्र काढून दाखवायची. तरी नाहीच कळलं तर नाचून. असं आपलं चाललं होतं. ह्याला पद्धत म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तेवढ्यात फोन आला. घरी शिकवायचं तर इथे नाव नोंदवावं लागतं, आणि सरकारकडून कुणीतरी येऊन बघून जातं. नोरीन नावाच्या बाई येणार होत्या. पोर शिकतेय हे त्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर? तर परत ते फाटक आणि ती बाही. आणि दिसणार कसं? परक्या माणसापुढे ही तोंड उघडत नाही, आणि हिचा मास्तर तिच्याहून मुका!

त्यात सासूबाई आलेल्या नागपूरहून. स्नेहलताबाई. त्यांनी एकच विचारलं, "बाई बघायला येऊन राहिली ना? मंग मले सांगू नका, बघायला येतात तेव्हा काय करतात ते." झालं! श्रावणीला परकर-पोलकं. तेल लावून दोन वेण्या. तिनं काढलेली झाडून सगळी चित्रं कोचावर मांडलेली, आणि पोहे. तेही साधे नाहीत, नागपुरी, झणझणीत तर्रीवाले. मी हळूच म्हटलं, आई, अहो मुलगी सात वर्षांची आहे. तर म्हणाल्या, "तुम्ही काहून घाबरता जावईबापू, पसंत पडते."

नोरीनबाई आल्या. उंच, ओला रेनकोट, चेहरा हसरा. सगळ्याला ग्रँड म्हणायच्या. श्रावणी ट्रे घेऊन आली, खाली मान घालून उभी राहिली. मला वाटलं, आता ह्या विचारणार, गाणं येतं का. त्यांनी पोह्यांवर तर्री घेतली, एक घास खाल्ला, आणि मग त्यांचा जो रंग बदलत गेला... सासूबाई म्हणाल्या, आवडले वाटतं, आणि त्यांनी अजून एक डाव तर्री वाढली. यामिनी पाण्याला धावली.

मग नोरीनबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, तुमचा दोघांचा दिवस कसा जातो, सांगा ना. अभिजितनं मला भाषण लिहून दिलं होतं, पाठ केलं होतं मी. पहिला शब्द आठवेना. यामिनी तोंड उघडत होती, तर नोरीनबाईंनी हात करून तिला थांबवलं, म्हणाल्या, त्यांच्याकडूनच ऐकायचंय. माझ्या डोक्यात एकच, गेलं, माझ्यामुळे पोरीचं गेलं.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. इंग्लिशमध्ये, अगदी इथल्या हेलात.

"त्याला एक मिनिट द्या. बाबाला येतं. तो फक्त लाजतो."

श्रावणी. परक्या बाईच्या डोळ्यांत बघून. तुम्हाला सांगतो, नववीपर्यंत मी किती वेळा बाकावर उभा राहिलो असेन, पण माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं.

पण मला मिनिट दिलं तरी काही येईना. मग तिनं सुस्कारा टाकला, पुस्तक उचललं, म्हणाली, "बाबा, बस इथे," आणि वाचायला लागली. हेजहॉग नावाचा काटेरी प्राणी थंडीत काय करतो त्याचं. मधे एक लांबलचक शब्द आला. मी सवयीनं विचारलं, "म्हणजे काय?" तिनं सांगितलं. मी म्हटलं, झोपतो म्हणजे, जेवायलाही उठत नाही? मग तिनं मला टेबलाखाली घातलं, आजीची शाल माझ्यावर टाकली, वर कोचावरची चित्रं पानं म्हणून पसरली, आणि म्हणाली, श्वास हळू घे, अजून हळू, आता तू हेजहॉग आहेस, वसंत येईपर्यंत हलायचं नाही. मग हृदय कसं मंद होतं, चरबी कशी पुरते, हे सगळं नोरीनबाईंकडे बघून. बोलतेय, बोलतेय! टेबलाखालून मला नुसते नोरीनबाईंचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

निघताना त्या दारात यामिनीला म्हणाल्या, इतकी वर्षं घरोघरी जाते, पण न समजल्याचं सोंग इतकं हुबेहूब करणारा शिक्षक मी बघितला नाही, मुलीला बोलतं करायची काय सुंदर युक्ती आहे ही. मी सांगायला पुढे झालो, अहो, ते सोंग नव्ह... यामिनीनं माझ्या पायावर पाय दिला.

नाव नोंदलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, पसंत पडली. अभिजित आता त्या युक्तीवर माझ्याकडून टिपा मागतोय.

घरच्या घरी. सोपं असतं म्हणे! कारण पुढची पंचाईत कुणाला सांगू? इतके महिने रोज समजावून घेऊन घेऊन मला आता समजायला लागलंय. मागच्या आठवड्यात ती ज्वालामुखीचं वाचत होती, आणि मला शब्दन् शब्द कळत होता. पण पद्धत मोडायची कशी? पोर बोलायची थांबली तर? मी कणीक मळता मळता चेहरा शक्य तितका बावळट केला आणि विचारलं, "म्हणजे काय?"

तिनं पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं. "बाबा, हे तुला येतंय."

आयुष्यात पहिल्यांदा उत्तर येत होतं हो... आणि तिथेच पकडला गेलो.