घासलेलं मडकं

सकाळी दहा वाजता डिचोलीच्या बसस्थानकावर क्षमाने चंद्रावतीमावशीच्या पिशवीतून आंबोळ्यांच्या पिठाचं मडकं बाहेर काढलं. पीठ आंबवणाऱ्या जिवाणूंवर ती फोंड्याला संशोधन करते आणि या मडक्यासाठीच आली होती. मी शेजारच्या बाकावर होतो.

“मावशी, हे धुतलंस?”

“धुतलं? गरम पाणी ओतून काथ्याने घासलंय. तुझे साहेब बघणार, त्यांना काय खरकटं मडकं देऊ गो?”

“अगे, आतला तो पापुद्राच हवा होता. जिवाणू त्यातच होते.”

“मग तसं सांगायचं. तू म्हणालीस, मडकं घेऊन ये.”

“आई कधीच घासायची नाही.”

“म्हणून तर तिला आळशी म्हणायचे मी.”

“तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं, मावशी.”

“रडू नको बाय, लोक बघतायत. थांब, सर्वणची जानकी! चवथीला ह्यातलंच वाटीभर पीठ नेलं तिने, आंबवणाला.”

“ते अजून असेल?”

“रोज आंबोळ्या करते ती. कालचं थोडं घातल्याशिवाय नवं पीठ भिजवत नाही. लाव फोन.”

“वाजतोय. उचलत नाही.”

“ती पण घासायला बसली नसली म्हणजे मिळवलं.”

तेवढ्यात सर्वणची बस लागली. दोघी चढल्या. मडकं क्षमाच्या मांडीवर होतं आणि फोन कानाला. बस सुटेपर्यंत जानकीने तो उचलला नव्हता.