गहाणखत जाळलेलं घर

मोझेल : दार पुरतं उघड, ऑर्थेलिया. फटीतून काय बोलतेस? मी मागायला आलेय का दारात?

ऑर्थेलिया : तूच ना नवी मालकीण? मग तुझं दार तूच उघड.

मोझेल : जीभ चालतेय अजून. हे बघ, तिसरी खेप आहे माझी. पहिल्यांदा गोड बोलून पाहिलं. दुसऱ्यांदा पाउंड केक घेऊन आले. आज कोर्टाचा माणूस आणलाय. हे कुबियाकसाहेब.

ऑर्थेलिया : केक कोरडा होता.

मोझेल : संपवलास ना?

कुबियाक : बाई, घराचा ताबा घ्यायचा हुकूम आहे माझ्याकडे. माझी माणसं ट्रकमध्ये बसलीत. तुम्ही आपणहून बाहेर आलात तर सामान नीट उतरवू. नाहीतर सगळं त्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जातं.

ऑर्थेलिया : माझ्या नवऱ्याची, डॉर्सीची खुर्चीसुद्धा? त्याला जाऊन अजून वर्षही नाही झालं.

कुबियाक : सगळंच, बाई.

ऑर्थेलिया : मोझेल, रविवारी चर्चमध्ये आपण एका बाकावर बसतो. शेजारी. माझ्या घराचा लिलाव निघाला आणि तुझी बोली लागलीच कशी?

मोझेल : मी नसती लावली तर कोणीतरी लावलीच असती. कुठे कॅलिफोर्नियात बसलेला, डेट्रॉइट कधी डोळ्यांनी न पाहिलेला. तो आला असता केक घेऊन? माझी डेलोरिस चार पोरांना घेऊन माझ्या मागच्या खोलीत राहतेय. पाणी प्यायला उठावं तर कुणाच्या तरी हातावर पाय पडतो. नवऱ्याच्या विम्याचे होते नव्हते ते सगळे या घरात घातले मी. माझ्या मातीलासुद्धा काही ठेवलं नाही. आणि तू दाराला कडी लावून बसलीस.

ऑर्थेलिया : माझ्याच घरात बसलेय. हे घर फिटलेलं आहे, बँकेची पै न पै दिलीय. तू होतीस की त्या दिवशी. चर्चच्या तळघरात.

मोझेल : होते तर. एवढा कॅटफिश कोणी तळला? तुझ्या नणंदांनी? त्या नुसत्या टोप्या मिरवत होत्या.

ऑर्थेलिया : मग पाहिलंस ना? पास्टरनी प्रार्थना म्हटली, डॉर्सीनं ताटलीत गहाणखत ठेवलं आणि काडी लावली. सगळे उभे राहून गायले. तो तर रडला. तीस वर्षं कारखान्यात खपला, पण रडलेला तेव्हाच पाहिला मी.

मोझेल : गहाणखत जाळलंस म्हणून घरपट्टी माफ होते का? ती थकली म्हणून तर लिलाव निघाला. सरकारनं किती पाकिटं पाठवली असतील!

ऑर्थेलिया : आली ना. कागद जाळल्यावरच यायला लागली. आधी एवढी वर्षं कधी एक आलं नव्हतं. डॉर्सी म्हणाला, बँकेला आपली सवय लागलीय, अजून उकळायचं बघतायत. न फोडताच परसातल्या पिंपात जाळायचा. मी म्हटलं, पुरुषमाणूस, त्याला ठाऊक.

मोझेल : लोक म्हणत होते, डॉर्सीनं घरपट्टीचे पैसे जुगारात घालवले.

ऑर्थेलिया : लोक? की तू?

मोझेल : मीही म्हटलं. लाज कसली? घर असं कोणी घालवतं का? माझी घरपट्टी बघ. एकदा चुकली नाही आजवर.

कुबियाक : बाई, तुम्ही स्वतः जाऊन भरता?

मोझेल : कोण, मी? घरपट्टी घेणारं ते काउंटीचं सरकारी हापिस मला कुठलं माहीत? हप्ता भरते बँकेत. बास. तेवढंच.

कुबियाक : म्हणजे हप्त्यातच घरपट्टी धरलेली आहे. तुमच्या वतीनं बँक भरते. यांचीही तशीच भरत होती. कर्ज फिटलं की बँक हात काढून घेते. तिथून पुढे ज्याची त्यानं भरायची.

ऑर्थेलिया : हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

कुबियाक : पत्रात असतं, बाई. मी काढलेली कितीतरी माणसं फिटलेल्या घरातलीच होती.

(मोझेल पायरीवर बसते.)

ऑर्थेलिया : काय गं? चक्कर आली?

मोझेल : नाही.

ऑर्थेलिया : तुझे हप्ते कधी संपतायत, मोझेल?

मोझेल : ईस्टरला. पास्टरना तारीख सांगून झालीय. पोरींनी पांढरे कपडेसुद्धा घेतले.

ऑर्थेलिया : आणि कागद जाळणार.

मोझेल : जाळणार होते. पाकीट आलं असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं. मेली बँक.

कुबियाक : बाई, माझी माणसं खोळंबलीत. आज ताबा घ्यायचा नसेल तर सांगा. पुढची तारीख मात्र थंडी सरल्यावरच मिळेल.

मोझेल : थांबा जरा. एवढी घाई कशाची? ऑर्थेलिया, घर मी परत देऊ शकत नाही. तोंड वर करून सांगते. पोरं कुठे घालू?

ऑर्थेलिया : मी मागितलं का?

मोझेल : पोरं आज इकडे येतील. माझी मागची खोली रिकामी होईल. उन्हाची आहे. खुर्ची मावेल त्यात.

ऑर्थेलिया : म्हणजे माझं घर घेऊन वर तुझे उपकारही घेऊ?

मोझेल : उपकार कसले? तू सातवीपर्यंत तरी गेलीस. मी कापूस वेचत होते तेव्हा. माझं नाव सोडून मला काही धड वाचता येत नाही, हे चर्चमध्ये कोणाला माहीत नाही आणि तूही सांगायचं नाहीस. ईस्टरनंतर पाकिटं येतील. ती कोण वाचणार?

ऑर्थेलिया : डेलोरिस वाचेल.

मोझेल : ती आईचं ऐकत नाही, पाकिटं काय वाचणार?

ऑर्थेलिया : रविवारी बाकावर मी तुझ्या शेजारी बसणार नाही.

मोझेल : नको बसूस. मागे बस.

ऑर्थेलिया : आणि स्वयंपाक मी माझा करणार. तुझा केक मला चालत नाही.

मोझेल : कर. उठव मला आधी. गुडघा धरलाय.

ऑर्थेलिया : धर हात. पण साहेब, माझा चष्मा आत राहिलाय. त्याच्याशिवाय मला अक्षर दिसत नाही.

कुबियाक : जा, घेऊन या. तोवर कुलूप लावत नाही मी.